गवतावरची ड्युटी

भीमराव ओव्हाळ पडले ते अगदी न्यायाने पडले. एकदा मुलाच्या घरी, एकदा मुलीच्या. ‘तुझ्याकडेच कसे पडले?’ असं विचारायचा हक्क खरं म्हणजे कुणालाच उरला नव्हता. पण मुलाकडचं पडणं मऊ सोफ्यावर झाल्यामुळे तिकडच्यांना ते बसण्यात जमा करता आलं. मुलीकडचं पडणं बाथरूममध्ये, बादली आणि तांब्यासकट झालं. ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

बायको, हिराबाई, गेल्यावर आपली वाटणी भीमरावांनी स्वतःच करून टाकली होती. पंधरा दिवस पिंपळे सौदागरला राकेशकडे, पंधरा दिवस बिबवेवाडीला हेमाकडे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. वाटणी केली म्हणजे ती पाळायची, एवढंच त्यांना ठाऊक. महिना एकतीसचा असला तर वरचा दिवस मांजरी गावी थोरल्या बहिणीकडे, यमुनाबाईंकडे. एकतीस नसलेल्या महिन्यात त्या बाईंवर अन्याय होई आणि तसं त्या पुढचा महिनाभर सगळ्यांना फोन करून सांगत.

तर असे हे भीमराव आता रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारच्या खाटेवर पडून होते आणि भेटायची वेळ सुरू झाली होती. एका रोग्यामागे दोनच पास, असा तिथला नियम. जावई श्यामरावांचं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे पासांची अडचण आली नव्हती.

“तुझ्याकडेच कसे पडले?” राकेशने विचारलं.

“माझ्याकडे बाथरूम आहे म्हणून,” हेमा म्हणाली. ती राकेशहून दोन वर्षांनी मोठी आणि हे त्याला विसरू न देणारी. “तुमच्याकडे वॉशरूम असतं. तिथे माणसं पडत नाहीत, तिथे ती फ्रेश होतात.”

“ताई, तसं नाही म्हणायचं त्यांना,” राकेशची बायको ललिता मऊ आवाजात म्हणाली. ललिता जिल्हा परिषदेत होती. समोरच्याचं म्हणणं नामंजूर करायच्या आधी तिचा आवाज नेहमी मऊ होई. “बाबा आमच्याकडे असले की मी स्वतः उभी राहून गोळी देते. वेळच्या वेळी. तिकडे दुकानाच्या गडबडीत राहून जात असेल.”

“माझ्या घरात गोळी राहत नाही, ललिता. माझ्याकडे वारांच्या कप्प्यांची डबी आहे. बुधवारची गोळी बुधवारीच पोटात जाते.”

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत,” राकेशने वाईट बातमी द्यावी तसं सांगितलं. तो हिंजवडीच्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या खात्याचा प्रमुख होता. चूक सापडली नाही की त्याला रात्री जेवण जात नसे. वडिलांना दोन्ही भावंडं दादा म्हणत. “नॉर्मल असून माणूस पडतो कसा? आणि इथे येऊन तीन दिवस झाले तर दादा उलट जास्तच डुलतायत. आता मेंदूचा स्कॅन करायचं म्हणतायत.”

“करू देत की,” श्यामराव म्हणाले. “निदान आत काय आहे ते एकदा कळेल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सासरेबुवा माझ्याशी एकंदर अर्धा तास बोलले असतील.”

भीमराव काही बोलले नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही कारखान्यातली सवय. तिथे फार बोलणारी माणसं लवकर बदली मागून घेत. ते डोळे अर्धवट मिटून दाराकडे बघत होते, कारण दारातून चैताली येत होती.

चैताली म्हणजे राकेश-ललिताची एकुलती एक. फार्म डीच्या चौथ्या वर्षाला. सहा वर्षांचा तो कोर्स पुण्यात नवीनच होता. त्यातली मुलं याच रुग्णालयाच्या वॉर्डांत रोग्यांची औषधं तपासायला शिकत. राकेश लोकांना ते दोन तऱ्हांनी सांगे. ऑफिसात सांगताना, ‘नावाच्या आधी डॉक्टर लागतं.’ नातेवाइकांत सांगताना, ‘मेडिकल स्टोअर नव्हे हो, वेगळं असतं.’ तरीही श्यामरावांनी झेरॉक्सच्या दुकानाचा अर्धा गाळा तिच्या मेडिकल स्टोअरसाठी मनातल्या मनात राखून ठेवला होता.

पोरगी पांढरा ॲप्रन घालून आली, “कसे आहात, आजोबा?” म्हणाली, हसली. भीमरावांनी तिचा चेहरा बघितला. कपाळापासून सुरुवात करून, डोळ्यांपाशी थांबून, खाली ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. मग ते आडवे पडल्यापडल्याच आवाज चढवून म्हणाले, “तुम्ही सगळे चहा पिऊन या. मला हिच्याशी बोलायचंय.”

तीन दिवसांतलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. ते ऐकून चौघंही मुकाट उठले. जिन्यापासून ‘माझी डबी’ आणि ‘माझं लक्ष’ पुन्हा सुरू झालेलं ऐकू येत राहिलं.

“झोपलेली नाहीस,” भीमराव म्हणाले.

“झोपते की.”

“कधी?”

चैताली स्टुलावर बसली. “आजोबा, तुम्ही पेशंट आहात. प्रश्न मी विचारायचे.”

“विचार.”

आजोबांशी खोटं बोलणं अवघड असे, कारण ते पुढे काही विचारत नसत. नुसती वाट बघत. थोड्या वेळाने ती पदराआडून बोलावं तसं ॲप्रनच्या कॉलरशी बोलली, “मी सोडणार आहे. कोर्स. शनिवारी घरी सांगणार होते. तर तुम्ही शुक्रवारी पडलात.”

“चुकलंच माझं.”

“आठवडा झाला, मी कॉलेजला जात नाही. घरून ॲप्रन घेऊन निघते आणि बंडगार्डनच्या बागेत बसते.”

“तिथे काय करतेस?”

“काही नाही. माळी गवत कापतो ते बघते.”

भीमरावांच्या मिशीत काहीतरी हाललं, पण ते त्यांनी तिथेच ठेवलं. “झालं काय?”

“झालं काहीच नाही. तेच तर.” तिने खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. “एका पेशंटच्या चार्टवर गोळीचा डोस दुप्पट लिहिलेला होता. तो चार्ट मी वाचला होता. दोनदा वाचला. मॅडमनी मागाहून बघितलं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं, गोळी दिलीच गेली नाही. कुणी मला रागावलंसुद्धा नाही. पण मी वाचत होते, आजोबा, आणि मला दिसत नव्हतं. त्या आधीच्या रात्री सेमिनारसाठी जागले होते, त्याच्या आधीच्या रात्री इंटर्नलसाठी. आता झोपायला वेळ आहे तर झोप येत नाही. शॅम्पूच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा तीनदा वाचते.”

“कॉलेजात सांगितलंस कुणाला?”

“सांगायची सोय आहे. दर गुरुवारी तणावमुक्तीचा तास असतो.”

“मग?”

“त्याला हजेरी सक्तीची आहे. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझी साठच आहे. त्याचं वेगळं टेन्शन.”

भीमरावांनी मान हलवली. सरकारी नोकरीत उभं आयुष्य काढल्यामुळे त्यांना यात वावगं काही वाटलं नाही.

“त्या तासाला आनंद देणाऱ्या तीन गोष्टी लिहायला सांगतात. मला सुचेनात. मी वर्गातल्या शहजादीच्या वहीतून उतरवल्या.”

“काय होत्या?”

“आजोबा, बिर्याणी आणि पाऊस.”

“बघ. आजोबा आले की त्यात.”

“ते तिचे आजोबा होते.”

भीमराव यावर इतके हसले की खाट वाजली, आणि हसता हसता उठून बसायला गेले तर जग एकदम डावीकडे कललं. चैतालीने दोन्ही खांद्यांना धरून त्यांना पुन्हा उशीवर टेकवलं.

“ऐक,” छत जागेवर आल्यावर भीमराव म्हणाले. “आमच्या कारखान्यात दारू भरायच्या शेडला एक फाटक होतं. आत जाताना काड्यापेटी काढून घ्यायची, बूट बदलायचे. ते सगळीकडेच असतं. पण आमच्या फाटकाशी सोनबा मिस्त्री उभा राहायचा. तो खिसे बघायचा नाही. तोंड बघायचा.”

“तोंड?”

“प्रत्येकाचं. रात्री झोपला नाही, घरी भांडून आला, पोर आजारी आहे, सगळं तोंडावर असतं. असा माणूस दिसला की सोनबा एकच शब्द बोलायचा. ‘गवतावर.’ मग त्या माणसाने त्या दिवशी आत जायचं नाही. विळा घ्यायचा आणि शेडच्या भोवतालचं गवत कापायचं. वाळलं गवत तिथे राहू द्यायचं नसतं, म्हणजे काम खरं होतं. शिक्षा नव्हती. कुणी हसायचं नाही, कुणी कारण विचारायचं नाही. पुढे सोनबा गेला आणि त्या फाटकाशी मी उभा राहिलो.”

“आणि कुणी म्हणालं, मी ठीक आहे, मला जाऊ द्या, तर?”

“सगळेच म्हणायचे. चांगले कारागीर तर जास्तच म्हणायचे. आपण दमलोय हे दमलेल्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. म्हणून तर फाटकाशी दुसरा माणूस ठेवायचा.”

चैताली काही बोलणार, एवढ्यात दारातून आवाज आला, “तू इथे आहेस होय? आठवडाभर हजेरीत नाहीस तू.”

नाजिमा तांबोळी. या वॉर्डाच्या औषधांची जबाबदारी असलेल्या फार्मासिस्ट आणि चैतालीच्या मॅडम. उंच, किरकोळ, चष्मा केसांवर चढवलेला. तीन दिवस सुट्टीवर होत्या, त्या आजच रुजू झालेल्या. बोलणं साधंच होतं, पण त्याच वेळी त्यांच्या मागून चहा पिऊन आलेलं सगळं ओव्हाळ कुटुंब दारात उभं होतं.

“आठवडाभर?” राकेश म्हणाला. “ही तर रोज सकाळी ॲप्रन घेऊन निघते.”

समोरच्या खाटेवरच्या गृहस्थांनी वाचत असलेलं वर्तमानपत्र थोडं खाली केलं.

“पप्पा, मला हा कोर्स सोडायचाय,” चैताली म्हणाली.

राकेशने तोंड उघडलं. हेमाने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, हे भांडणाच्या तयारीचं लक्षण. ललिताचा आवाज मऊ होऊ लागला होता. पण नाजिमांनी केसांवरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाटेच्या पायाशी लावलेला चार्ट काढला.

“आधी पेशंट,” त्या म्हणाल्या. “मग घरचं. आजोबा, नमस्कार. मी औषधांचं बघते. घरी तुम्ही काय काय घेता?”

उत्तर द्यायला तिघांनी एकदम सुरुवात केली.

“सकाळी नाश्त्यानंतर बीपीची, पांढरी,” ललिता म्हणाली.

“गुलाबी,” हेमा म्हणाली.

“पांढरी आहे, ताई. मी स्वतः देते.”

“मी काय शेजाऱ्यांकडून देववते? गुलाबी.”

“मी आजोबांना विचारलं,” नाजिमा म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पण त्यानंतर दोघी गप्प झाल्या, हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. “आजोबा, कुठली घेता?”

भीमरावांनी आधी सुनेकडे बघितलं, मग मुलीकडे. “दोन्ही,” ते म्हणाले.

“म्हणजे पंधरा दिवस ही, पंधरा दिवस ती?”

“नाही. रोज दोन्ही.”

मग ते सगळं बाहेर आलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, हीच त्यातली गंमत होती. भीमराव बिबवेवाडीला निघाले की ललिता आपल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांच्या पिशवीत घाले, कारण तिकडे नीट देत असतील याचा तिला भरवसा नव्हता. पिंपळे सौदागरला निघाले की हेमा आपल्या डॉक्टरांच्या गोळ्या डबीसकट घाले, त्याच कारणाने. मग रोज दोन फोन येत. ‘बाबा, माझी गोळी घेतलीत ना?’ आणि ‘दादा, माझी गोळी घेतली ना?’

“खोटं सांगता येत नाही,” भीमराव म्हणाले. “म्हणून घ्यायचो.”

“पण दादा, दोन्ही कशाला?” हेमा म्हणाली.

“एक घेतली तर दुसरीला काय सांगू?”

नाजिमांनी चार्टाकडे बघितलं. “आणि इथे आल्यापासून?”

“इथली सिस्टर एक देते,” भीमराव म्हणाले. “सकाळी ललिता डबा घेऊन येते, ती तिची देते. दुपारी हेमा.”

ललिताने नजर खिडकीकडे वळवली. हेमाने छताकडे. एकमेकींपासून लपवून दोघींनी केलेलं बहुधा हे पहिलंच एकसारखं काम.

“गोळ्या आहेत आत्ता जवळ?” नाजिमांनी विचारलं. एका पर्समधून स्टीलची डबी निघाली, दुसरीतून वारांच्या कप्प्यांची. त्यांच्या खाली पाकिटंही होती. नाजिमांनी ती हातात घेतली, पण वाचली नाहीत. त्यांनी ती चैतालीपुढे धरली.

चैतालीने हात मागे घेतला. “मॅडम, मी नको. माझ्या लक्षात येत नाही.”

“मी शेजारी उभी आहे. तू वाच, मी पुन्हा वाचेन. दोघींनी वाचायचं असतं.”

फाटकाशी दुसरा माणूस, असं भीमरावांच्या मनात आलं. त्यांचं सगळं लक्ष त्या दोन पाकिटांवर होतं. चैतालीने एक पाकीट उलटं केलं, दुसरं उलटं केलं. मागचं बारीक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा नाजिमांनी हळूच म्हटलं, “पुरे. सांग.”

“पुढची नावं वेगळी आहेत,” चैताली म्हणाली. “कंपन्या वेगळ्या. आतलं औषध एकच. आणि चार्टावर लिहिलेलंही तेच.”

“म्हणजे आम्ही दोघी…” ललिता म्हणाली.

“एकच गोळी देत होतो,” हेमाने पुरं केलं.

नाजिमांनीही वाचलं, मान हलवली आणि सिस्टरला बोलावलं. भीमरावांचा रक्तदाब आधी आडवं असताना घेतला, मग दोन्ही बाजूंनी धरून उभं करून घेतला. उभं केल्यावर तो असा उतरला की सिस्टरने यंत्राकडे संशयाने बघितलं. घरी दुप्पट, इथे तिप्पट. एका माणसाचा रक्तदाब खाली आणायला तीन ठिकाणी इतकी मेहनत चाललेली, आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

राउंडला आलेले डॉक्टर अनिरुद्ध हुद्द्याने मोठे होते आणि घाईत होते. नाजिमांचं बोलणं मात्र त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. घरच्या गोळ्या बंद, इथलीही तूर्त थांबवायची, सलाइन, दोन दिवस उठता-बसताना रक्तदाब बघायचा, असं ठरलं. मग ते भीमरावांकडे वळले.

“आजोबा, मी तुम्हाला आल्या दिवशीच विचारलं होतं, बीपीची गोळी घेता का.”

“हो. मी हो म्हणालो.”

“दोन घेता, असं नाही म्हणालात.”

“आपण किती ते विचारलं नव्हतं.”

डॉक्टर नाजिमांकडे वळले. “नाजिमाताई, हे तुम्हीच विचारत जा बुवा,” ते म्हणाले. “मी आज यांच्या मेंदूचा फोटो काढणार होतो.” आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मग राकेशचा चेहरा उजळला. चूक सापडली होती. ती त्याच्या मुलीने सांगितली होती. आणि चूक त्याची नव्हती. असा तिहेरी योग हिंजवडीतही क्वचितच येई.

“आता बोल,” तो चैतालीला म्हणाला. “असं असताना कोर्स सोडायचा? काही सोडायचं बिडायचं नाही. उद्यापासून ड्युटीवर. मी स्वतः गाडीने सोडतो.”

“हो ना गं,” श्यामराव म्हणाले. “आणि सध्या अर्धा गाळा आहे, पण शेजारचा शिंपी जाणारच आहे.”

चैतालीने आजोबांकडे बघितलं. खरं तर तिला या घडीला आनंद झाला होता. तो चेहऱ्यावर दिसत होता आणि त्याच्या खालची झोप नसलेली जागासुद्धा दिसत होती. आनंदाने ती भरून निघाली नव्हती. भीमरावांनी असे कितीतरी चेहरे बघितले होते. चांगलं काम करून दाखवलं की असा माणूस आणखी एक तास मागतो. आणि नेमका तो तास वाईट असतो.

“पोरीने काम उत्तम केलं,” ते म्हणाले. “आणि आता ती महिनाभर गवतावर जाईल.”

कारखान्याचं फाटक राकेशने आणि हेमाने जन्मापासून ऐकलेलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

“दादा, तो बारुदाचा कारखाना होता,” राकेश म्हणाला.

“आणि इथे काय पेढे भरतात?”

“एक महिना गेला तर रिझ्युमेमध्ये गॅप दिसतो. पुढे अमेरिकेत विचारतात.”

“दिसू दे. गवत कापलेलं दिसतंच. म्हणून तर कापतात.”

“पण तिने चूक केलेली नाही ना? मॅडम, हिने चूक केली का?”

“नाही,” नाजिमा म्हणाल्या.

“मग?”

“चुकल्यावर गवतावर पाठवायला आमच्याकडे माणूस उरत नसे, राकेश,” भीमराव म्हणाले. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. “तू जन्मलास त्या दिवशी मी सकाळी कामावर गेलो. रात्रभर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेलो. मुलगा झालेला, मी तर उडत होतो. सोनबाने तोंड बघितलं आणि म्हणाला, गवतावर. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, आजच्याइतका खूश मी आयुष्यात नव्हतो. तो म्हणाला, खूश आहेस, पण जागा आहेस का? दिवसभर गवत कापलं मी, त्याला शिव्या देत. संध्याकाळी तुला उचलायला आलो.” त्यांनी चादरीखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि राकेशपुढे धरले, उलटे, सुलटे. “दोन्ही हातांनी उचललं.”

राकेशने त्या हातांकडे बघितलं. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या त्या माणसाला इथे काही सापडेना.

“सोय आहे,” नाजिमा म्हणाल्या. “तब्येतीसाठी पोस्टिंग पुढच्या बॅचबरोबर करता येतं. वर्ष बुडत नाही. नियम जुना आहे, पण मुलं मागत नाहीत. त्यांना वाटतं, मागितलं की कायमचा शिक्का बसतो. मी बोलते कॉलेजशी. आणि चैताली, सोडायचं असेल तर सोड. पण ते झोप झाल्यावर ठरव. दमलेल्या माणसाच्या सहीवर मी औषधसुद्धा देत नाही.”

“पण घरी बसून ही करणार काय?” राकेशने शेवटचा प्रयत्न केला.

“झोपेल,” ललिता म्हणाली.

“झोपेल,” हेमा म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे चमकून बघितलं. या दोघी एकच गोळी देतात हे ऐकून झालेला धक्का ओसरायच्या आत, दोघींचं मतही एकच निघालं होतं. ललिताने स्टुलावर सरकून हेमाला जागा करून दिली. राकेशने ते पाहिलं आणि आपलं राज्य गेल्याचं त्याला समजलं.

फक्त कुणाकडे झोपेल, यावर पुन्हा बिनसलं. हेमाकडे रस्त्यावरचा गोंगाट, ललिताकडे पप्पा. तेवढ्यात भीमरावांच्या उशाशी ठेवलेला फोन वाजला. मांजरीहून यमुनाबाई. जोरात बोलल्याशिवाय आवाज पुण्यापर्यंत पोचत नाही अशी त्यांची समजूत असल्यामुळे संभाषण वॉर्डभर झालं.

“जयभीम, भीमा. जिता हायस का?”

“जयभीम, आक्का. हाय.”

“काय निघालं?”

“पोरींनी जास्त माया केली.”

“मी म्हनलंच व्हतं. माज्याकडं एकच दिस असतोस, म्हनून टिकलास.”

“आक्का, महिनाभर येतो. चैतालीला घेऊन. तुझ्याकडे गवत आहे का?”

उसाच्या बांधावर राहणाऱ्या बाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

“गवात?” यमुनाबाई म्हणाल्या. “लई हाय. ये.”

मांजरीत पहिले काही दिवस चैतालीने गवताला हातही लावला नाही. ती झोपली. सकाळी झोपली, जेवून झोपली, यमुनाबाई गावातल्या ऊस संशोधन केंद्राच्या साहेबांनी दिलेल्या उसाच्या बेण्याची कथा सांगत असताना झोपली. “ही गवात कापाया आलीया का गवतावर निजाया?” असं यमुनाबाईंनी विचारलं. भीमराव म्हणाले, “पहिलं काम तेच आहे.” मग एका दुपारी ती आपणच विळा घेऊन बांधावर गेली. परत आली तेव्हा हातांना फोड होते आणि ती भाकरीवर भाकरी खात होती. लेबलं वाचायची विसरली. मांजरीत लेबल असलेली वस्तूही फारशी नव्हती.

भीमरावांना आता रोज एकच गोळी होती, नाजिमांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलेली, पूर्वीच्या निम्म्या ताकदीची. ती चैताली देई. सकाळी दोन फोन येत, तेव्हा ते दोन्ही घरांना खरं सांगू शकत, आणि दोन्ही घरं म्हणत, ‘माझीच आहे ना ती?’ यावर भीमराव ‘हो’ म्हणत. आतलं औषध एकच असल्यामुळे हे खोटं ठरत नव्हतं.

महिना संपला त्या सकाळी राकेशची गाडी बांधाच्या तोंडाशी येऊन थांबली. त्याने हॉर्न वाजवला नाही. हेमा आणि ललिता दोघी मागच्या सीटवर बसून आल्या होत्या आणि वाटेत कुठेतरी एकत्र भेळ खाल्ल्याचे पुरावे साडीवर होते. चैताली ॲप्रन घालून अंगणात आली. आजोबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली, हात खाली सोडून, काही न बोलता.

भीमरावांनी चष्मा पुसला. कपाळापासून सुरुवात केली. डोळ्यांपाशी थांबले. खाली ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आले. घाई केली नाही. फाटकाशी घाई करायची नसते.

“आत जा,” भीमराव म्हणाले.

चैताली हसली, पण गेली नाही. तिने वाकून आजोबांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, त्यांना हाताला धरून सावकाश उभं केलं, थोडी थांबली आणि आता त्यांचं तोंड बघू लागली. त्यांनी बघितलं होतं तसंच, वरपासून खालपर्यंत.

“कसं वाटतंय, आजोबा?”

“ठणठणीत. मीही येतो. आज पंधरवडा बदलतो, हेमाकडे जायचा दिवस आहे.”

“सगळे तसंच म्हणतात,” चैताली म्हणाली. “गवतावर.”

भीमराव ओव्हाळांनी वाद घातला नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी यमुनाबाईंकडे विळा मागितला, यमुनाबाईंनी तो दिला नाही, खुर्ची दिली, आणि ती घेऊन ते बांधाच्या कडेने निघाले. चालताना एकदाही डुलले नाहीत.